अध्यक्षांची मुलगी

सोनाली, शाळा उघडली त्या दिवशी तुझ्यासाठी मौन पाळलं. मी तिथे होते. पहिल्या दिवशी युनिफॉर्मच्या गठ्ठ्यांबरोबर मी स्वतः टेम्पोतून जाते, हे तुला माहीत आहे. साइझचे घोळ तिथल्या तिथे मिटवले की पुढचा महिना सुखाचा जातो. पोरं मैदानात रांगेत उभी होती. मोठ्या बाईंनी माइकवरून सांगितलं, आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी, आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची थोरली कन्या, उन्हाळ्यात अल्पशा आजाराने आपल्यातून गेली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तुझा बाप शिक्षकांच्या शेजारी, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात उभा होता. मौन संपल्यावर त्याने रुमालाने डोळे टिपले. शिपायाने लगबगीने त्याच्यासाठी खुर्ची आणली.

हा शर्ट आता इस्त्री कोण करतं, असा प्रश्न माझ्या मनात आला. मग आठवीच्या रांगेत तुझी धाकटी बहीण गौरी दिसली आणि उत्तर मिळालं.

तुझ्या दहाव्याला बायका एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होत्या. ‘लई गुणाची पोर. कदी तक्रार न्हाय.’ एक जण चहा घेता घेता म्हणाली, दुसरी उठता उठता म्हणाली. स्तुती म्हणून म्हणाल्या. तू त्या वाक्यानेच मेलीस, हे मी तिथे बोलले नाही, कारण तुझी आई समोर बसली होती. इथे बोलते.

मे महिन्यात आपल्या शिलाई कारखान्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. सगळ्या शाळांना जूनच्या आधी माल हवा असतो. तू कॉलरच्या मशीनवर होतीस. दुपारी तू डबा उघडलास आणि तसाच बंद केलास. मी विचारलं तर म्हणालीस, ‘काय न्हाय काकू, उष्णता झाली आसंल.’ मी ताक दिलं. दुसऱ्या दिवशी तू ओढणी कमरेला आवळून बांधून आलीस. घरी जा म्हटलं, तर म्हणालीस, ‘वाईच दुखतंय, घरी जाऊन काय करू? हितं पंखा तरी हाय.’ वर मलाच टोमणा मारलास, ‘तुमी काय मला सोडताय, त्या अक्कलकोट रोडच्या आर्डरीचं काय व्हणार?’ मुली हसल्या, मीही हसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मशीनवरच कलंडलीस. सुई चालू होती, कापड पुढे सरकत होतं.

सरकारी दवाखान्यातला सर्जन तरुण होता. ऑपरेशन करून बाहेर आला आणि मला जवळजवळ रागाने म्हणाला, ‘अपेंडिक्स फुटून दोन दिवस तरी झालेत. पू पोटभर पसरलाय. माणूस गडाबडा लोळतो या दुखण्याने. आणि तुम्ही म्हणता, ही कामावर होती?’

‘होती,’ मी म्हटलं.

‘दुखतंय असं म्हणालीच नाही?’

‘वाईच दुखतंय म्हणाली.’

त्याला वाईच म्हणजे किती, हे मी कसं सांगणार होते? तू तो शब्द कशाकशासाठी वापरायचीस ते मला ठाऊक होतं. पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन तू कामावर यायचीस तेव्हाही ‘वाईच लागलंय’ एवढंच असायचं.

नंतर वॉर्डात नर्सने तुला विचारलं, दुखतंय का. तू मान हलवलीस, नाही म्हणून. मला संताप आला. मी म्हटलं, ‘अगं सांग की दुखतंय म्हणून, इंजेक्शन देतील.’ तू आधी दाराकडे बघितलंस. बाप बाहेर व्हरांड्यात कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याची पाठ आपल्याकडे आहे याची खात्री करून मग तू म्हणालीस, ‘व्हय काकू. लई दुखतंय.’ इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्याच वॉर्डात तू गेलीस.

गप्प बसणं तुला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. लोकांना वाटतं घरात शिकलीस. घरात तू मार खायला शिकलीस. गप्प बसायला तू शाळेत शिकलीस. ते तू मला सांगितलं होतंस, एकदाच, जेवताना, आणि तेही कुणाच्या लग्नातली फजिती सांगावी तसं. त्या दिवशी सगळ्या जणी हसून हसून बेजार झालो होतो. तुला नकला फार छान यायच्या. मोठ्या बाईंचा चष्मा वर सरकवण्याचा ढंग, बापाचे जोडलेले हात, समितीतल्या बायकांचं पदर तोंडाला लावून हसणं, सगळं तू भाकरीचा तुकडा हातात धरून करून दाखवलंस. मी हात धुवायला गेले तेव्हा मला कळलं की आपण कशावर हसलो.

तू सातवीत होतीस. कुणीतरी पाहुण्या बाई शाळेत आल्या आणि त्यांनी सांगितलं, मुलींनो, घरात काही त्रास होत असेल तर मनात ठेवू नका, आपल्या बाईंना सांगा. तू खरोखर सांगितलंस. अख्ख्या वर्गात तू एकटीच. तुझ्या वर्गाच्या बाईंनी तुझी पाठ बघितली आणि त्या रडल्या. खोटं रडल्या नाहीत, तूच म्हणालीस, ‘नाक लाल झालतं त्यांचं.’ त्या तुला घेऊन मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई नियमाने चालणाऱ्या. विद्यार्थ्याची तक्रार समितीपुढे ठेवायची, असं त्यांचं ठरलेलं. त्यांनी ती समितीपुढे ठेवली. समितीचा अध्यक्ष तुझा बाप होता.

तो अध्यक्ष कसा झाला, याचंही तू सोंग काढलं होतंस. तुम्ही टेंभुर्णीहून सोलापुरात आलात ते त्याची ट्रकवरची नोकरी गेली म्हणून. त्यानंतर त्याने काम धरलंच नाही. तुझी आई विड्या वळायची, त्यावर घर चालायचं. शाळेची पालकसभा कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या वस्तीतले बाकीचे बाप त्या वेळी लूमवर, हमालीवर, नाहीतर रिक्षावर. सभेला येणार कोण? तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या चार बाया आणि तुझा बाप. तो वेळेवर यायचा, धुतलेले कपडे घालून यायचा, उभं राहून बोलायचा, ‘शिक्षणाशिवाय आपल्या समाजाला पर्याय नाही’ असली वाक्यं त्याला पाठ होती. मोठ्या बाईंना वाटलं, एवढा जागरूक पालक आपल्याला मिळाला. तो रिकामा आहे म्हणून येतो, असं कुणाच्या मनात आलं नाही. बायकोच्या विड्यांवर जगणारा माणूस शाळेने झेंड्याखाली उभा केला आणि त्याच्या गळ्यात हार घातला. तू तेव्हा पाचवीत, रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होतीस.

तर तुझ्या तक्रारीच्या सभेत तुला आत बोलावलं. मोठ्या बाईंनी फार काळजीपूर्वक, कुणाचा अपमान होणार नाही अशा भाषेत विषय मांडला. तुझ्या बापाने हात जोडले. ‘बाई, पोरगी खोटं बोलत न्हाय. मी मारतो. अभ्यास करत न्हाय म्हणून मारतो. आता तुमीच सांगा, म्या शाळंचा अध्यक्ष, आन माझीच पोरगी गणितात नापास. लोकांम्होरं कुटल्या तोंडानं बोलू?’ एक बाई म्हणाली, ‘बापानं न्हाय मारायचं तर कुणी मारायचं?’ सगळ्या हसल्या. ‘पप्पा बी हसलं,’ तू सांगितलंस. ‘मग म्या बी हसले. काय करनार.’

तुला शाळेने वाऱ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं, सोनाली. खरा घात त्यांनी लक्ष घातलं म्हणून झाला. त्या सभेत ठरलं की मुलीकडे विशेष लक्ष द्यायचं. दर शनिवारी शाळा सुटली की बाप येणार आणि वर्गाच्या बाई त्याला तुझ्या अभ्यासाची प्रगती सांगणार. बाईंनी ते मनापासून केलं. त्यांना वाटलं, बापाला मुलीच्या अभ्यासात गोडी लागली की मारणं आपोआप थांबेल. दर शनिवारी त्या त्याला प्रामाणिकपणे सांगायच्या, भागाकार कच्चा आहे, शुद्धलेखन सुधारलंय, गृहपाठ दोनदा चुकला. तू बाहेर कट्ट्यावर दप्तर घेऊन बसायचीस. बाप बाहेर यायचा आणि तुम्ही घरी जायचात. बाई जे कच्चं म्हणाल्या असतील, त्याचा हिशेब दार लावून व्हायचा. बाईंच्या हातात फक्त यादी होती, पट्टा दुसऱ्याच्या हातात होता, आणि त्यांना हे कधीच कळलं नाही. पुढे तू शनिवारी शाळेत जायचं बंद केलंस. शाळेच्या लेखी तू ‘अनियमित’ झालीस. नववीत नापास झालीस आणि माझ्याकडे आलीस. ज्या शाळेने तुला घालवलं, तिचेच शर्ट शिवायला.

तू पहिल्या वर्षी एक विचित्र सूचना केली होतीस. म्हणालीस, ‘काकू, ह्या शाळंच्या पोरींना फुल बाह्या करा म्हणावं.’ मी विचारलं का. ‘ऊन लागतं.’ मी तुला कापडाचा वाढीव खर्च समजावून सांगितला आणि तू ‘बरं’ म्हणालीस. शाळेतल्या कुणालाही तू आता काही सांगणार नव्हतीस. पोरींना झाकायला मात्र तू निघाली होतीस.

मी तुझ्याबद्दल कृतज्ञ आहे, तेही लिहून टाकते, कारण पुढे मी तुझ्यावर चिडणार आहे. तुझ्या आधी आमच्या कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. मुली माझ्या शिस्तीला घाबरायच्या. तू आल्या आल्या माझं नाव ‘घड्याळकाकू’ ठेवलंस, आणि मला ते आठवडाभरात कळलं. ‘काकू, तुमी देवळात गेला तर देवीलाबी म्हणाल, आदी नंबर लाव.’ नव्या मुलीला सुई लागली की तू आधी जाऊन तिचा हात धरायचीस. पाण्याच्या दिवशी उशिरा यायचीस, कारण घरचे हंडे भरून यायचीस, आणि उरलेलं काम सगळ्यांच्या नंतर बसून पुरं करायचीस. मी तुझ्याकडून माणसं सांभाळायला शिकले. कृतज्ञता इथे संपली.

आता गौरी.

गौरी शाळेत जायला लागली तेव्हा तू तिला दोन गोष्टी शिकवल्यास. घरातलं शाळेत बोलायचं नाही. आणि पहिला नंबर सोडायचा नाही. तुला पक्कं कळलं होतं की शनिवारी बाईंनी चांगलं सांगितलं तर घरी काही होत नाही. कामावरून गेल्यावर तू तिला पाढे म्हणायला लावायचीस, शुद्धलेखन घालायचीस, चुकलं तर पुन्हा. तुझं स्वतःचं गणित कच्चं, तर तू इथे मधल्या सुट्टीत माझ्याकडून अपूर्णांक शिकून जायचीस. आणि ती खरोखर पहिली येत गेली. शाळेच्या फलकावर तिचा फोटो लागला. मोठ्या बाई पाहुण्यांना सांगायच्या, बघा, घरची परिस्थिती बेताची, पण पालक जागरूक असले की मूल कुठे जातं. शाळा त्या फोटोवर खूश होती, तुझा बाप खूश होता. एक पोर भीतीने पहिली येत होती आणि सगळे तिचं कौतुक करत होते.

आपलं भांडण इथे होतं. ते पुरं झालं नाही. मी तुला कितीदा म्हटलं, मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, मी तुझ्याबरोबर बसते. तू म्हणायचीस, ‘त्ये कुणाला ईचारणार? शाळंला. शाळा कुणाला ईचारणार? अध्यक्षाला. फिरून तितंच की.’ तुझा बेत ठरलेला होता. गौरीची दहावी होऊ दे, मग तिला घेऊन वेगळी खोली करायची. तोवर तिने दम धरायचा. मी विचारलं, ‘आणि तिला एखाद्या वर्षी कमी मार्क पडले तर?’ त्यानंतर काही दिवस तू माझ्याकडची कैची हवी असली तरी दुसरीला मागायला लावायचीस.

तुझा बेत चुकीचा होता. तू गेलीस म्हणून मी तो बरोबर ठरवणार नाही. तू त्या पोरीला मारापासून वाचवत होतीस, हे खरं. आणि तिचं तोंडही बंद करत होतीस, हेही खरं. शाळेने तुला जो धडा दिला, तो तू तिला शाळेपेक्षा चांगला शिकवलास. शिक्षिका म्हणून तू त्या सगळ्यांहून सरस होतीस, आणि मला तुझा राग येतो.

मौनानंतर मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बिलावर सही हवी होती, तेवढं निमित्त. त्या तुझ्याबद्दल हळहळल्या. मी सरळ म्हटलं, ‘बाई, त्या घरात गौरीला राहू देऊ नका. तिचा बाप मारतो. सोनालीने सातवीत तुम्हाला सांगितलं होतं.’

त्यांनी चष्मा वर सरकवला, तू करून दाखवायचीस अगदी तसाच. ‘अहो, तो विषय तेव्हाच मिटला. आम्ही समितीत घेतला होता. त्यानंतर आमच्या शाळेत घरगुती त्रासाची एकही तक्रार नाही. तुम्ही विचारा कुणालाही.’

‘एक होती, बाई. तिचं काय झालं ते सगळ्या पोरींनी बघितलं. दुसरी कशाला येईल?’

‘तुम्ही दुःखात आहात,’ त्या म्हणाल्या. वाईट माणूस नाहीत त्या. त्यांनी मला चहा मागवला. सही केली. वर म्हणाल्या, ‘गौरी आमची स्कॉलर आहे. तिला काही कमी पडू देणार नाही आम्ही.’

शाळेतून काही होणार नाही हे कळल्यावर मी बालकल्याण समितीकडे गेले. तुझा आक्षेप मला आठवत होता, म्हणून अर्जातच लिहिलं, कृपया आधी शाळेला विचारू नये. त्यांनी आधी शाळेलाच विचारलं. ती त्यांची पद्धत आहे. शाळेने लेखी दिलं, पालक अत्यंत जागरूक, विद्यार्थिनी गुणवंत, उपस्थिती उत्तम. सुनावणीला तुझा बाप गौरीच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांची फाइल घेऊन आला. तुझी आईही होती, पण ती खाली बघून बसली होती आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

माझ्या हातात काही नव्हतं, सोनाली. तुझी पाठ चितेवर जळून गेली होती. तू मला सांगितलेलं फक्त ऐकीव धरलं जातं. सगळं गौरीवर होतं. ती बोलली तर सुटणार होती, नाही बोलली तर फाइल बगलेत मारलेल्या त्या माणसाबरोबर घरी जाणार होती. आणि आता मधे पडायला तू नव्हतीस.

बालकल्याण समितीतल्या एक मॅडम आणि एक वयस्कर गृहस्थ, दोघांनी तिला आत घेतलं. बापाला बाहेर बसवलं. मला एका कोपऱ्यात बसू दिलं. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, घरी कसं वाटतं. गौरी हात मागे बांधून उभी राहिली आणि भाषण म्हणावं तसं बोलली, ‘आमच्या घरी सर्व व्यवस्थित आहे. माझे वडील माझ्या अभ्यासाकडे जातीने लक्ष देतात.’ तुझीच पढवणूक. एक अक्षर चुकलं नाही. गृहस्थांनी समाधानाने मान हलवली आणि कागद उलटला. मला वाटलं, संपलं.

मॅडमनी पेन खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, ‘तुझ्या ताईला काय झालं होतं गं?’

‘पोटात दुखत होतं.’

‘मग तिने कुणाला सांगितलं नाही?’

गौरीने त्यांच्याकडे बघितलं. प्रश्नच कळला नाही असं बघितलं. मग तिचं शाळेचं मराठी गळून पडलं. ‘आमच्यात सांगत न्हाईत,’ ती म्हणाली.

एखाद्या घरात कांदा खात नाहीत, एखाद्या घरात सोमवार पाळतात, तसं ती बोलली. आमच्यात सांगत नाहीत. मॅडमनी पेन पुन्हा उचललं. ‘काय काय सांगत नाहीत?’ त्यांनी विचारलं. गौरीने कमीजची बाही वर सरकवली. इस्त्रीचा डाग होता, टोकाकडून उठलेला, नवा. बापाच्या शर्टाच्या कॉलरला घडी राहिली म्हणून दिलेला. कॉलर, सोनाली.

डॉक्टरांकडून तपासणी झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला माझ्याकडे ठेवायचं ठरलं. चौकशी चालू आहे. शाळेला सगळं कळवलंय. तुझा बाप अजून अध्यक्ष आहे, कारण त्याला काढायचं तर सभा घ्यावी लागते आणि ती सभा अध्यक्ष बोलावतो. ऑगस्टमध्ये झेंड्याला तोच उभा असेल. गौरीचा फोटो त्यांनी फलकावरून उतरवला, एवढं मात्र लगेच केलं.

तिला माझ्या घराजवळच्या शाळेत घातलंय. पहिल्या पालकसभेला मी वेळेवर गेले, नेहमीच्या सवयीने दोन मुद्दे लिहून नेले आणि उभं राहून बोलले. सभा संपल्यावर तिथल्या हेडमास्तरांनी मला थांबवलं. म्हणाले, तुमच्यासारखे सजग पालक समितीवर हवेत. ही मुलगी माझी कोण लागते, आमच्या घरात ती कुठे झोपते, मी तिला हात लावते की नाही, यातलं त्यांनी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सर, आधी माझ्याबद्दल चौकशी करा.’ ते हसले. त्यांना विनोद वाटला.

गौरी सुरुवातीला माझ्या घरात पाहुण्यासारखी वागली. वाढलेलं सगळं खायची, उरवायची नाही, मागायची नाही. सकाळी माझ्या आधी उठून भांडी लावून ठेवायची. काही दुखतं का विचारलं की ‘न्हाय’. मला ते ‘न्हाय’ ऐकून भीती वाटायची. मी तिला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे नेलं. तिथेही तिने छान उत्तरं दिली. त्या बाई म्हणाल्या, मुलगी फार समजूतदार आहे. मी त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाक केला नाही, इतकी खचले.

मग परवा चाचणीचे पेपर मिळाले. संध्याकाळी तिने गणिताचा पेपर माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. बहुतेक गणितं कोरी होती. मी सही केली आणि विचारलं, आमटी करू की पिठलं.

‘म्या मुद्दाम सोडवली न्हाईत,’ ती म्हणाली.

‘बरं.’

‘येत हुती सगळी.’

‘मला माहीत आहे. आमटी की पिठलं?’

‘रागवा की,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला. ‘रागवा की काकू. कायतरी करा की.’

मी बेसनाचा डबा खाली ठेवला. तेवढ्यात ती फुटली. माझ्यावर नाही, तुझ्यावर. तुला हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते, जसं बोलली तसं. ‘अक्का मला म्हणायची गप ऱ्हा, गप ऱ्हा. म्या गप ऱ्हायले. पप्पांनी तिला बी इस्तरी लावली तवाबी गप ऱ्हायले, ती म्हणली म्हणून. आन सोता गप ऱ्हाऊन मेली. मला इचारलं का? मला टाकून मेली. लई शानी समजत हुती सोताला. मला तिचा राग येतो. लई राग येतो.’ ती ओरडत होती. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, एवढ्या मोठ्याने.

मी तुझी बाजू घेतली नाही. तू तिच्यासाठी काय काय केलंस, ते मी तिला सांगू शकले असते. अपूर्णांक सांगू शकले असते. तुझ्या नकला सांगू शकले असते. ते कधीतरी सांगेन. त्या वेळी मी तुला एकटं सोडलं, आणि तिला ओरडू दिलं. खिडकी उघडी होती, ती मी लावली नाही.

थोड्या वेळाने दाराची कडी वाजली. शेजारच्या वहिनी होत्या, हात पिठाने भरलेले, काय झालं म्हणून धावत आलेल्या. मी पुढे होणार तोच गौरी माझ्या आधी दारापाशी गेली. मला वाटलं, आता ती नाक पुसेल आणि म्हणेल, काय न्हाय. तिने दार पुरतं उघडलं, वहिनींना आत घेतलं, बसायला पाट दिला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.